मुठीएवढं अंतर

१

सकाळी साडेसातला गादीवाला आपली गाडी काढायला गाडीतळावर आला, तेव्हा गाडीच्या मागे त्याला दोन पाय दिसले. कोणीतरी झोपलंय असं समजून त्याने आधी दोन शिव्या हासडल्या. पाय हलले नाहीत. मग तो वाकला आणि त्याची बोबडीच वळली. पायांच्या वर पिकअपचा फाळका पडला होता. फाळका म्हणजे गाडीच्या पाठीमागचं ते लोखंडी दार, माल चढवताना खाली पाडतात ते, चांगलं पंचवीस किलोचं. त्याच्याखाली गाडीतळाचा मुकादम होता. त्याच्या तोंडातून आणि छातीतून वाहिलेलं रक्त फरशीवर कडेकडेने वाळून काळं पडलं होतं.

मुकादमाच्या शेजारी गुडघे टेकून बसला होता बारक्या, भंगारवालीचा भाऊ. सव्वीस वर्षांचा दांडगा गडी, नाव तेवढं बारक्या. दोन्ही हातांनी तो फाळका उचलायला बघत होता आणि कोपरापर्यंत लाल झाला होता.

त्या तळावरून दोन महिन्यांत चौदा फाळके चोरीला गेले होते. फाळका काढणं म्हणजे माहीतगाराच्या डाव्या हातचा मळ. अर्ध्यावर तिरका धरायचा, उजवीकडून वर उचलायचा, डावीकडून ओढायचा, संपलं. बुटाची नाडी बांधायला याहून जास्त वेळ लागतो. त्यात सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या. एकाचा फाळका दुसऱ्याला बिनबोभाट बसतो.

म्हणून दोन उपाय झाले होते. वेल्डरमामाने प्रत्येक गाडीच्या उजव्या बिजागरीवर पोलादी पट्टा आवळून दिला. तो सोडवायची चावी वेगळ्या घाटाची, आणि तशा चाव्या दोनच होत्या. एक मामाकडे, एक मुकादमाच्या कमरेला. दुसरा उपाय मुकादमाच्या डोक्यातून निघाला. प्रत्येकाने गाडी मागे घेत घेत भिंतीला अशी भिडवायची, की फाळका आणि भिंत यांच्यात फक्त एक मूठ मावेल. फाळका खाली पाडायलाच जागा नाही म्हटल्यावर चोर तो काढणार कुठून? गाडी लागताना मुकादम स्वतः मागे उभा राहायचा. "ये, ये, ये" करत गाडी अंगावर घ्यायचा, शेवटच्या क्षणी अंग चोरून बाजूला व्हायचा आणि भिंतीवर मूठ टेकवून म्हणायचा, "बस!" ड्रायव्हर लोक त्याच्या आवाजावर डोळे मिटून गाडी मागे घेत. पंधरा दिवसांत एकही फाळका गेला नव्हता.

आणि आता मुकादम मेला होता, आणि भंगारवालीच्या भावाच्या हातात फाळका होता. पुढे काही विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

दहाबारा ड्रायव्हर बारक्यावर तुटून पडले. लाथा, बुक्के, लोखंडी पाने, जे हाताला लागेल ते. त्या तळावर माणसांना नावं नव्हती, जो जे वाहतो तेच त्याचं नाव. गर्दी फोडून सिलिंडरवाला पुढे आला. तो मुकादमाचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातात जॅकचा दांडा होता. त्याने पहिलाच घाव बारक्याच्या डाव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू गेला.

२

बारक्याची बहीण दोन गल्ल्या पलीकडे आपल्या भंगाराच्या दुकानात तांब्याची तार तोलत होती. तिला सगळे काटेताई म्हणत. हे नाव वजनकाट्यावरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल गल्लीत दोन पक्ष होते. तिच्या काट्यात मासाभर फरक कोणी कधी दाखवला नाही आणि तिच्या जिभेच्या तडाख्यातून कोणी सुटला नाही. चोरीचा माल ती दुकानाची पायरी चढू देत नसे. फाळके चोरीला जायला लागल्यापासून तर तिने पाटीच लावली होती, फाळका आणणाऱ्याचा हात मोडून मिळेल.

अंडीवाला धापा टाकत आला. "ताई, बारक्याला मारतायत! त्याने मुकादमाचा खून केला म्हणतात!"

तिने तार टाकली आणि धावली. वाटेत एक चप्पल गेली, ती उचलायला थांबली नाही. आई गेली तेव्हा बारक्या पाच वर्षांचा होता आणि ती सतरा. त्याचं नाक पुसण्यापासून त्याच्यासाठी मुली बघण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. धावताना तिच्या मनात एकच गोष्ट होती. हा गेला तर मला कोणी नाही.

बारक्याचा एक डोळा बंद झाला होता. खालचा ओठ फाटून लोंबत होता. डावा हात कोपराच्या खाली नको त्या ठिकाणी वाकला होता. तो ओरडतही नव्हता, नुसता श्वास घेत होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर नाकातून लाल फुगा येत होता. काटेताई सरळ त्याच्या अंगावर पडली. पुढचा दांडा तिच्या खांद्यावर बसला. त्याच्या पुढचा तिने हाताने धरला. तळहात फाटला, पण दांडा सोडला नाही.

"बाजूला हो," सिलिंडरवाला ओरडला. "तुला पण लागेल."

"लागलंय. अजून घाल. बाईला मारायची हौस असेल तर फेडून घे."

हात थबकले. तळाचे मालक आबा काठी टेकत मध्ये आले. त्यांचा आवाज आतापर्यंत कोणाच्या कानात शिरला नव्हता. "पोलिसांना फोन केलाय रे! पूल बंद आहे, त्यांना वळसा पडणार. तासभर लागेल."

"तासभर हा जगणार नाही," सिलिंडरवाला म्हणाला. "दादाला मारलंय त्याने. माझ्या दादाला!"

"याने नाही मारलं," काटेताई म्हणाली.

"तू होतीस इथे?"

"तू होतास?"

बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. आबांनी ती संधी साधली. बारक्याला दोघांकरवी उचलून टायरच्या खोलीत ठेवायला लावलं, बाहेरून कुलूप घातलं आणि चावी सदऱ्याच्या खिशात टाकली.

"ताई, काय विचारायचंय ते विचार," ते म्हणाले. "मी आहे इथे."

"अर्धा तास," सिलिंडरवाल्याने दांडा जमिनीवर आपटला. "अर्ध्या तासात हिने दुसरा कोणी दाखवला नाही तर ते दार मी फोडणार. आणि आबा, तुम्ही आडवे आलात तर तुमचंही वय बघणार नाही."

३

काटेताईने आधी मुकादमाच्या तोंडावरचा रुमाल काढला. भला माणूस. ती तळावर जुन्या बॅटऱ्या घ्यायला आली की आधी बसायला स्टूल द्यायचा. रडायला पुढे वेळ होता.

डोकं धड होतं. कपाळावर ओरखडासुद्धा नव्हता. छाती मात्र चेपून गेली होती, काही बरगड्या आत शिरल्या होत्या, काही सदऱ्यातून वर आल्या होत्या. मघाशी अंगावरून उचललेला फाळका शेजारी आतली बाजू वर करून ठेवला होता. आतून त्याच्या रंगाची पार वाट लागली होती. सगळीकडे चरे आणि एकात एक अडकलेल्या गोल गोल खुणा. तिने तो उलटा केला. बाहेरच्या बाजूला मधोमध एक खोलगट पोचा होता, परातीएवढा, आणि त्यात रक्त. वीस वर्षं तिने मोडकं लोखंड हाताळलं होतं. कुठला पोचा हातोड्याचा, कुठला आपटल्याचा, कुठला चेपल्याचा, हे तिला विचारावं लागत नसे.

मग तिने गाडीतळ पाहिला. गादीवाल्याची गाडी भिंतीपासून चार हात पुढे उभी होती, मागे फाळका नाही. तिच्या उजव्या अंगाला सिलिंडरवाल्याची गाडी नियमाप्रमाणे भिंतीला भिडलेली, मुठीएवढं अंतर ठेवून.

"गादीवाल्या, काल गाडी किती मागे लावली होतीस?"

"मुठीवर. मुकादमानेच लावून घेतली."

"मग पुढे कोणी घेतली?"

"मला काय माहीत! चावी त्याच्या खोलीत खुंटीवर होती. सगळ्यांच्याच असतात."

"गाडीत काय काय नेतोस?"

"गाद्या."

"आणखी?"

"आणखी काही नाही. मेव्हणा मागे लागला होता, आमचा फ्रीज ने म्हणून. मी म्हटलं, तुझ्या बहिणीला नेईन, फ्रीज नेणार नाही. एक ओरखडा जरी आला गाडीला, तरी गादी फाटते. मग दुकानदार माझ्या अंगावर परत फेकतो."

तिने त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात डोकावून पाहिलं. तळाचा रंग काल लावल्यासारखा होता. कोपऱ्यांत कापसाची म्हातारी साचली होती.

"वेल्डरमामा कुठाय?"

मामा गर्दीच्या पाठीमागे उभा होता, म्हणजे लपलाच होता. त्याला दोघांनी पुढे ढकललं.

"मामा, चोऱ्या वाढल्या की तुझे पट्टे खपतात."

"खपतात," मामा म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण पट्टे खपावेत म्हणून माणूस मारीन एवढं माझं दुकान चालत नाही."

"तुझी चावी?"

मामाने गळ्यातला दोरा ओढून चावी दाखवली. काटेताई मुकादमाजवळ गेली आणि त्याचा कमरपट्टा सरकवला. साखळी होती. चावी नव्हती. शेवटची कडी ओढून सरळ झाली होती.

एवढं पुरे होतं. "मामाच!" कोणीतरी ओरडलं, आणि एका मिनिटात मामाची कॉलर दोघांच्या हातात आणि तिसऱ्याची चपराक त्याच्या तोंडावर. मामाचा दात तुटून त्याच्याच सदऱ्यावर पडला.

"अरे, डोकी गहाण टाकलीत काय!" काटेताई गरजली. "ज्याच्या गळ्यात चावी आहे, तो मेलेल्याच्या कमरेची चावी कशाला ओरबाडेल? पट्टा सोडवायला चावी लागली, म्हणजे ज्याच्याकडे नव्हती त्यालाच लागली. सोडा त्याला. आणि बारक्याचे खिसे तुम्ही मघाशी उलटे केलेत ना? त्यात सापडली?"

सापडली नव्हती. तीन जणांनी माना खाली घातल्या. मामाचा दात मात्र आता कोणी परत बसवून देणार नव्हतं.

ती सिलिंडरवाल्याकडे वळली. तो प्रेताच्या पायाशी बसला होता, दांडा मांडीवर.

"दादा घरून कधी निघाला?"

"सहाला. फाटक तोच उघडतो."

"आणि तू?"

"झोपलो होतो. साडेसातला आलो, सगळ्यांच्या मागोमाग."

"गाडी कालपासून इथेच?"

"दिसत नाही? काल संध्याकाळी दादानेच लावून घेतली. जागची हललेली नाही."

"तुमचं भांडण वगैरे?"

"भाऊ आहोत. भांडणार नाही तर काय आरती ओवाळणार?" असं म्हणून तो एकदम रडायला लागला, लहान मुलासारखा तोंड उघडून. ते रडणं खोटं नव्हतं. काटेताईला ते दिसत होतं, आणि म्हणूनच तिचा गोंधळ उडाला. तिने पुन्हा एकदा त्या फाळक्याच्या आतल्या बाजूकडे पाहिलं.

सिलिंडरवाला डोळे पुसून उभा राहिला. "झाला अर्धा तास," तो म्हणाला, आणि टायरच्या खोलीच्या दारावर दांड्याचा पहिला घाव पडला. आतून बारक्या किंचाळला.

४

"थांब!" काटेताई दारासमोर आडवी झाली. "ऐकून घ्या. मग तुमच्या जिवाला वाटेल ते करा."

सिलिंडरवाल्याने तिला ढकललं, पण अंडीवाल्याने त्याचा दंड धरला. "बोलू दे तिला. आपण मामाचा दात उगाच पाडलाय."

"गाडी भिंतीला भिडलेली असताना फाळका पडत नाही," ती म्हणाली. "नियम तुमचाच. म्हणजे गादीवाल्याची गाडी कोणीतरी आधी पुढे घेतली. बारक्याला गाडी चालवता येते?"

दोघं तिघं हसले, अशा वेळीसुद्धा. बारक्याची हातगाडी सगळ्यांना माहीत होती. एकदा तो कोणाच्या तरी पिकअपमध्ये बसला होता, तेव्हा ती सुरू होताच भंगाराच्या ढिगात घुसली होती आणि तो दार उघडून पळाला होता.

"दुसरी गोष्ट. गादीवाल्याला रक्त दिसलं तेव्हा ते वाळायला लागलं होतं. म्हणजे मुकादम जाऊन तास झाला होता. माणूस मारून तासभर त्याच्या उशाशी कोण बसतं? बारक्या नंतर आला. त्याने फाळका उचलायचा प्रयत्न केला, जे तुमच्यापैकी कोणीही केलं असतं."

"नंतर आला तर दादाला फाळका घालून कोणी मारलं?" सिलिंडरवाल्याने विचारलं.

"फाळका घालून नाहीच मारलं. डोकं बघा त्याचं, शाबूत आहे. पंचवीस किलोचं लोखंड हातात धरून कोणी कोणाच्या छातीवर असा परातीएवढा खड्डा पाडू शकत नाही. एवढा जोर हातात नसतो, इंजिनात असतो. मुकादम गाडी लावून घेत होता, आणि गाडी थांबली नाही. त्याला भिंतीवर चेपून मारलंय."

मग सगळ्यांच्या नजरा गादीवाल्याकडे गेल्या, कारण फाळका त्याच्या गाडीचा. गादीवाला खाली बसला. "मी नाही, मी नाही," म्हणत त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. तोवर एक लाथ त्याच्या कमरेत बसली होती.

"लाथा आवरा! त्याच्या मागची भिंत बघा आधी. बघा, डोळे आहेत ना?"

गादीवाल्याच्या जागेमागची भिंत स्वच्छ होती. चुना होता तसा होता, एक डाग नाही.

"तिथे माणूस चिरडला असता तर भिंत अशी राहिली असती?" काटेताई फाळक्याजवळ गेली आणि तो पुन्हा उलटा केला. "आता आतून बघा. हा गादीवाल्याचा फाळका नाहीच. त्याच्या गाडीत जन्मात गादीशिवाय काही चढलं नाही. त्याच्या हौद्यात ओरखडा शोधून सापडत नाही, मग फाळक्यावर या गोल खुणा कुठून आल्या? फाळका खाली पाडून त्याच्यावरून काय ओढत असतील? गोल बुडाचं. लोखंडाचं. जड."

सगळे हळूहळू मागे सरकले, आणि सिलिंडरवाल्याच्या भोवती आपोआप मोकळी जागा झाली.

"बाहेरून तुमचे सगळे फाळके सारखे," ती म्हणाली. "म्हणून तर ते चोरीला जातात. आतून बघायची वेळ येत नाही, कारण गाडी भिंतीला भिडलेली. ज्याने मारलं त्याच्या फाळक्याला पोचा पडला. तो घेऊन रस्त्यावर जाता येईना. मग त्याने मुकादमाची चावी ओढली, आपला फाळका काढला, शेजारची गाडी पुढे घेऊन तिचा चांगला फाळका आपल्या गाडीला बसवला, वर पट्टाही आवळला. प्रेत शेजारी ओढलं, त्याच्यावर आपला फाळका टाकला आणि गाडी पुन्हा भिंतीला लावून घरी गेला. म्हणजे आपण सगळ्यांनी म्हणावं, चोर आला होता."

"वेडी झालीय ही," सिलिंडरवाला म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "भावाला वाचवायला काहीही बोलतेय."

"मग गाडी पुढे घे. मागची भिंत दिसू दे."

"घेतो की. मला कसली भीती?"

तो चावी घेऊन स्टिअरिंगवर बसला. त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता. तो पुढे बसताच ती बाजूने चढून हौद्यात उतरली. पायाखालचा तळ सिलिंडरच्या गोल चऱ्यांनी भरला होता. आणि त्या चऱ्यांच्या शेवटी उभा होता एक कोरा, पांढराशुभ्र फाळका, आणि त्याच्या सांध्यात कापूस.

"आबा, इथे..." तिने तोंड उघडलं, तेवढ्यात इंजिन ओरडलं आणि तिच्या पायाखालची गाडी उसळली.

५

गाडी पुढे घेतली जाणार होती तशी ती घेतली गेली नाही. ती सुटली. मधे उभे असलेले दोघं उड्या मारून वाचले, तिसऱ्याच्या पायावरून चाक गेलं. काटेताई हौद्यात पाठीवर पडली आणि कोऱ्या फाळक्यावर जाऊन आपटली. गाडीमागे उघड्या पडलेल्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर, चुना फुटून रक्ताचा मोठा डाग दिसत होता.

फाटकात अंडीवाल्याची गाडी आडवी होती. सिलिंडरवाल्याने ती बघितली, पण ब्रेकवर पाय गेला नाही. दोन्ही गाड्या एकमेकींत घुसल्या. हजारभर अंडी फुटली, काच फुटली, आणि सिलिंडरवाल्याचं कपाळ स्टिअरिंगवर फुटलं.

त्याला ड्रायव्हरांनी ओढून काढलं. मघाचेच हात, मघाचेच बूट. जॅकचा दांडा आता गादीवाल्याच्या हातात होता, आणि कमरेतल्या लाथेचा राग तो दुसऱ्याच माणसावर काढत होता. सिलिंडरवाल्याचा गुडघा उलटा वळला. त्याच्या तोंडातून रक्त आणि अंड्याचा बलक एकत्र वाहत होता.

काटेताई हौद्यातून खाली उतरली. तिची बरगडी दुखावली होती, श्वास घेताना कळ येत होती. ती उभी राहून बघत होती. तिला वाटलं, मारू देत. खरंच वाटलं. याने माझ्या बारक्याचा हात मोडला, आपलं पाप त्याच्या गळ्यात बांधून त्याला ठेचायला निघाला होता. पण हा मेला तर बारक्या निर्दोष आहे हे पोलिसांना सांगणारं तोंड उरणार नव्हतं. ती कळ दाबत गर्दीत घुसली.

"पुरे! जिवंत हवाय मला हा!"

तिचं त्यांनी ऐकलं. कदाचित दमलेही असतील. सिलिंडरवाला फरशीवर अंड्यांच्या चिखलात पडला होता.

"बोल," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

तो आधी रक्त थुंकला. मग म्हणाला, "काल दादाने पाहिलं. सिलिंडरच्या खाली मी चार फाळके आडवे घातले होते. पहिल्या चोऱ्यांतले, दडवून ठेवलेले. म्हणाला, सकाळपर्यंत वेळ देतो, तूच आबांना सांग."

"मग?"

"सहाला आम्ही बरोबर आलो. मी डिझेल भरून आणलं, जाता जाता ते चार फाळके घरी उतरवले. तो मागे उभा राहिला, लावून घ्यायला. मी म्हटलं, दादा, मी नाही सांगणार. तो म्हणाला, मग मी सांगतो. आणि सांगता सांगता 'ये, ये' पण करत होता. रोजच्यासारखा." त्याने डोळे मिटले. "मग 'बस' म्हणाला. मला ऐकू आलं. तरी मी पाय दाबला."

गर्दीतला एक म्हातारा ड्रायव्हर तोंड फिरवून रडायला लागला. काटेताईच्या छातीवरचा दगड उतरला. बरगडीची कळसुद्धा हलकी वाटली. तिने आबांकडे चावीसाठी हात पुढे केला.

"थांब ना ताई," खालून सिलिंडरवाला म्हणाला. तो हसत होता की कण्हत होता ते कळत नव्हतं. "एवढी हुशार तू. सगळ्यांना विचारलंस. फाळके मी काढायचो, कबूल. पण ते नेत कोण होतं? हातगाडीवर, जुन्या पत्र्याखाली घालून, पार नदीपलीकडे? आज सकाळी तो इथे कशाला आला होता? त्याला विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. गादीवाल्याला विचारलं, मामाला विचारलं, मेलेल्या माणसाच्या कमरेलासुद्धा विचारलं. बारक्याला तिने एकही प्रश्न केला नव्हता. तशी गरजच कधी पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

सगळे तिच्याकडे बघत होते. आबांनी चावी तिच्या रक्ताळलेल्या हातात ठेवली आणि नजर दुसरीकडे वळवली.

टायरच्या खोलीत रबराचा वास कोंडला होता. बारक्या भिंतीला टेकून बसला होता, मोडलेला हात मांडीवर ठेवून. बाहेरचं सगळं त्याने ऐकलं होतं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"तू नेत होतास?"

त्याने उघड्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं, मग खाली.

"बारक्या, मी विचारतेय."

"हो ताई." फाटक्या ओठातून शब्द नीट येत नव्हते. "तुझ्या दुकानात एकही आणला नाही. शपथ. आज चार घ्यायला आलो होतो. मुकादम दिसला, मला वाटलं अजून जिवंत असेल, म्हणून उचलत होतो..."

तिने हात उचलला. आयुष्यात त्याला एकदाही मारलं नव्हतं, आज मारायचं होतं, जीव तोडून मारायचं होतं. हात वर तसाच राहिला. गाल सुजून फुटला होता, कानातून रक्त येत होतं, पाठ, खांदे, दंड, सगळीकडे दांड्याचे वळ. कुठे मारावं म्हणून ती बघत राहिली, आणि तिला त्याच्या अंगावर मारायला जागा सापडली नाही.

तिने हात खाली घेतला. फाटकाबाहेर पोलिसांची गाडी थांबली होती, बूट वाजत आत येत होते. ती भिंतीला धरून उठली आणि दारात आलेल्या हवालदाराला म्हणाली, "साहेब, आधी दवाखान्याची गाडी बोलवा. मग याचाही जबाब लिहून घ्या. मी त्याची बहीण, मी इथेच बसलेय."